माझी सकाळची धडधड कुठे गेली?

आमच्या घरात लिंबू सरबतात जातं आणि मिरची ठेच्यात. दोन्ही एका दोऱ्यात ओवून दारावर टांगलेली मी फक्त दुसऱ्यांकडे पाहिली. बाबांनी उभं आयुष्य पत्रकं लिहिण्यात आणि वाटण्यात घालवलं... युनियनची, पाणीप्रश्नाची, बुवाबाजीविरुद्धची. मी वाचायला शिकले तीच त्या पत्रकांच्या मथळ्यांवरून. कॉलेजात असताना एका अंगात येणाऱ्या माताजींना मी भर मंडपात प्रश्न विचारले होते, आणि भक्तांनी मला मंडपाबाहेर काढलं होतं. तेव्हा वाचकांच्या अजब अनुभवांच्या या सदरात लिहायला बसताना हात कचरतोय. पण जे घडलं ते लपवायचं नाही, हेही पत्रकांनीच शिकवलंय. म्हणून लिहिते.

आम्ही नाहूरला राहतो, जुन्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावर. घरात बाबा आणि मी. समोरच्या दारात परबकाकू — मूळच्या मालवणकडच्या, सासरे गिरणीत होते, मुलगा आता आयटीत. आमच्याकडे देवघर नाही आणि त्यांच्याकडे देवाशिवाय चहा होत नाही, पण वाट्यांची ये-जा रोजची.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर माझं सुरू झालं. सकाळी डोळे उघडले की छातीत धडधड. वाईट स्वप्न नाही, कसली भीती नाही, काहीच नाही... नुसता डोळा उघडायचा आणि काळीज धावत सुटायचं, जसं काही मी झोपेत चारही जिने चढून आलेय. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. मग पुन्हा पलंगावर. सगळं शांत होईपर्यंत शाळेची वेळ टळलेली.

मी मुलुंडच्या एका शाळेत सकाळच्या सत्रात मराठी शिकवते, करारावर. पहिला तास माझाच. तो बुडायला लागला तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून घेतलं. "प्रज्ञा, मुलं तुझी वाट बघत बसतात गं. जमत नसेल तर मोकळेपणाने सांग. पुढच्या वर्षीचा करार करायचा की नाही, मला ठरवावं लागेल."

ही नोकरी मला हवी होती. पाचवीची ती पोरं मला हवी होती.

डॉक्टर झाले. ईसीजी, रक्त, थायरॉइड, छातीला चिकटवून फिरायचं ते मशीनसुद्धा. सगळं नॉर्मल! डॉक्टर म्हणाले, "ताण असेल. एकदम उठू नकोस. आधी कडेला बस, पाणी पी, आणि श्वास सोडताना लांब सोड. चक्कर येऊन पडलीस किंवा छातीत दुखलं तर ताबडतोब ये." मी सगळं केलं. थोडा फरक पडायचा, पण धडधड रोजच्या रोज हजर. बाबा पाण्याचा ग्लास घेऊन पलंगाशेजारी बसायचे आणि पेपर वाचतोय असं दाखवायचे. पेपर कालचा असायचा.

एक दिवस मी अशीच बसलेली असताना परबकाकू नारळ घेऊन आत आल्या.

"गो प्रज्ञा, आज मी गाऱ्हाणा घालतंय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी — गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने केलेली तक्रार. एकाने मागणं मागायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

"काकू, माझा विश्वास नाही हो."

"तुझो विश्वास माका नकोच. तू नुसती बस."

"पण हे पुरुषच घालतात ना?" माझ्यातलं पत्रक जागं झालं.

"देवाक ऐकाक येता मां? मगे बाईचो आवाज काय नि बाप्याचो काय!"

हे मला पटलं. तिथेच मी फसले.

काकूंनी नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली. "बा देवा म्हाराजाऽऽ..." मग थांबल्या. 'व्हय म्हाराजा' म्हणायला कोणीच नव्हतं. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपर खाली ठेवला. "मी फक्त अनुमोदन देतो," ते म्हणाले. "श्रद्धा म्हणून नाही."

"चलात! बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक सकाळी उठल्यार धडधड होता..."

"व्हय महाराज," बाबा. सभेतल्या आवाजात.

"ती धडधड काडून टाक! आणि ज्या कोणी वायट केल्यान असात, तेच्याच छातीत..."

"थांबा काकू!" मी ओरडले. "माझ्या नावाने कोणाचं वाईट मागायचं नाही. हे मला मान्य नाही."

"अगो, तसाच म्हणतत."

"म्हणत असतील. बदला."

"मगे ती खय टाकूची? काडलेली वस्तू खयतरी टाकूची लागता ना!"

वाद झाला. देव मानत नाही ती मुलगी देवाला काय सांगायचं यावर भांडतेय... हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. शेवटी मजकूर असा ठरला: 'खय टाकूची थय टाक, पन कोणा मानसात टाकू नको.' मी म्हटलं, प्राणीही घाला त्यात. जनावरं आली. बाबा म्हणाले, "झाडंपण." झाडं आली. काकूंनी कपाळावर हात मारला आणि गाऱ्हाणं पुरं केलं. नारळाची दुपारी चटणी झाली. फार झकास झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळे उघडले आणि नेहमीसारखी वाट बघत पडून राहिले.

काहीच नाही.

मनगटावर बोट ठेवलं. नाडी अगदी निवांत. मी बसले, उभी राहिले, चालले. बाबा पेपरआडून बघत होते, आणि या वेळी पेपर उलटा होता. मी हसायला लागले, तेवढ्यात खालून आवाज आला.

धड-धड-धड-धड...

सोसायटीचा पाण्याचा पंप! रोज सकाळी वॉचमन मिश्राजी टाकीत पाणी चढवतात, आणि तो पंप एका संथ सुरात घुमत राहतो. आज तो ठोके देत होता. घाईघाईने, दोन-दोनच्या जोडीने. तो ठेका मला ओळखायला क्षणही लागला नाही. इतके दिवस तो माझ्या कानशिलात वाजत होता.

आम्ही खाली धावलो. "मॅडम, पंप पागल हो गया," मिश्राजी म्हणाले. मी पंपावर तळहात ठेवला. सवयीने लांब श्वास सोडला, डॉक्टरांनी शिकवला होता तसा. आणि पंप हळू झाला.

"योगायोग," बाबा म्हणाले. "परत कर."

मी श्वास रोखला — ठोके वाढले. सोडला — उतरले. बाबांनी मला बाजूला केलं आणि स्वतः हात ठेवून लांब श्वास सोडून पाहिला. पंप ढिम्म. मिश्राजींनीही सोडून पाहिला. त्यांनाही पंपाने भाव दिला नाही. मी पुन्हा हात ठेवला, श्वास सोडत राहिले, आणि जरा वेळाने तो पूर्वीसारखा संथ घुमायला लागला. बाबांनी खाली वाकून पंपाभोवती एक फेरी मारली.

मेकॅनिक आला. मोटर, बेअरिंग, व्हॉल्व्ह, सगळं खोलून बसवलं. "कुछ नहीं है मॅडम. सब नॉर्मल."

परबकाकूंना सांगितलं, तर त्या माझ्यावरच डाफरल्या. "तुमीच दोघांनी सगळा बंद केल्यात! मानूस नको, जनावर नको, झाड नको... देव बिचारो जातलो खय?"

तेव्हापासून माझी सकाळ ठरलेली आहे. उठायचं, आवरायचं, खाली जाऊन पंपाला शांत करायचं आणि मुलुंडची बस पकडायची. पहिला तास पुन्हा बुडला नाही. करार झाला. बाईंनी विचारलं, "काय औषध घेतलंस गं?" मी म्हटलं, "श्वासाचा व्यायाम." खोटं नव्हतं ते.

बाबा अजून कारण शोधतायत. पाण्याचा दाब, जमिनीतली कंपनं, माझ्या हाताचं वजन... एकेक शक्यता मांडतात आणि स्वतःच खोडतात. मीही शोधतेय. कोणा इंजिनिअर वाचकाला सुचलं तर जरूर कळवा, मी पाया पडणार नाही पण आभार मानेन.

परवा सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच: जुना पंप भंगारात काढून नवा बसवणे. सगळे राजी. सेक्रेटरींनी विचारलं, "कोणाचा विरोध?" आणि माझा हात वर गेला. काढलेली वस्तू खयतरी टाकूची लागता... हा पंप गेला तर ती धडधड कुठे जाईल? परत माझ्याकडे? पाचवीचा माझा वर्ग डोळ्यांपुढे आला.

शेजारी पाहिलं, तर बाबांचाही हात वर. त्यांच्या पलीकडे परबकाकूंचा.

"का विरोध, प्रज्ञा?" सेक्रेटरी म्हणाले. "तू शिकलेली मुलगी. काहीतरी कारण दे की."

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. मी उभी राहिले, घसा साफ केला... आणि आयुष्यात पहिल्यांदा, कारण माहीत नाही म्हणून, खाली बसले.