लपणात शेजारी कोण बसणार

ओझीट द्युगाला बंदुकीचा आवाज सोसत नाही, हे बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या त्या संथ ओढ्याच्या, काठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नवरा क्लेबेर पहाटे होडी घेऊन दलदलीत जायचा, दुपारी बदकं आणून ओट्यावर टाकायचा, आणि ही पिसं काढता काढता, गम्बोच्या रश्शाचा कांदा परतता परतता त्याला चार शब्द सुनवायची. सगळा संसार असाच झाला. त्यामुळे साठी ओलांडल्यावर तिनं विल्मर साव्वाच्या दुकानात जाऊन 'मला बंदूक हवी, पहिलीच, बदकांसाठी, आणि स्वस्तातली' असं सांगितलं, तेव्हा आमिषाच्या कोळंब्या मोजणारा विल्मर मोजणी विसरला.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. कुणी म्हणालं, म्हातारी अखेर नवऱ्याला कंटाळली. कुणी म्हणालं, आता बदकं मारायचीही हिनं आणि रांधायचीही हिनंच, क्लेबेरनं नुसतं जेवायला बसायचं. आमच्या गावाला हसायला फुकट मिळालं की ते कारण विचारायला जात नाही.

कारण क्लेबेरच होता. त्याला सगळं गाव नोंक म्हणायचं, म्हणजे काका. गावातल्या निम्म्या लोकांची पहिली बंदूक त्यानं निवडून दिलेली. माणसाचा खांदा, मान आणि हात एकदा बघायचा, मग दुकानातल्या फळीवरून बरोबर एक बंदूक काढायचा, आणि ती बंदूक त्या माणसाला जन्मभर पुरायची. दोन हिवाळ्यांपासून मात्र त्याचं डोकं त्याला सोडून चाललं होतं. आधी किल्ल्या गेल्या, मग शेजाऱ्यांची नावं गेली, मग तो मेलेल्या भावासाठी कॉफी ओतून ठेवायला लागला. डॉक्टरनं सांगितलं, घरात बंदूक नको. पुतण्या वेल्टन येऊन सगळ्या बंदुका घेऊन गेला. त्यानंतर क्लेबेर रिकाम्या कपाटासमोर उभा राहून विचारायचा, चोर कधी येऊन गेले म्हणून. रोज विचारायचा, आणि ओझीट रोज नवं खोटं सांगायची.

एरवी तो खुर्चीत नुसता बसून असे. पण उत्तरेचा वारा सुटून बदकांचे थवे यायला लागले की म्हातारा उठून धक्क्यावर जायचा, दोन्ही हात तोंडाशी धरून बदकासारखी साद घालायचा, आणि वरचा थवा खरोखर वळायचा. तेवढा वेळ तो पूर्वीचा क्लेबेर असायचा. ओझीट स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहायची. डॉक्टर म्हणाला होता, पुढच्या वर्षी हे एवढंही राहील की नाही सांगता येत नाही. म्हणून तिला एकच गोष्ट हवी होती: या हंगामात त्याला दलदलीतल्या त्याच्या लपणात, गवतानं झाकलेल्या शिकारीच्या आडोशात, नेऊन बसवायचं.

वेल्टननं सप्टेंबरात, लहान बदकांच्या छोट्या हंगामात, एकदा नेऊन बघितलं होतं. क्लेबेर सारखा त्याच्या बंदुकीला हात घालायला लागला, तेव्हा बरोबरचे लोक घाबरले. वेल्टननं परत येऊन टोपी हातात धरली आणि सांगितलं, "काकी, माझी हिंमत नाही गं. काकांना मी नाही म्हणू शकत नाही, आणि हो म्हटलं तर कुणीतरी मरेल." मग ओझीटनं स्वतः होडी हाकली. बंदूक नव्हतीच. लपणात रिकाम्या हातांनी बसायचं म्हटल्यावर क्लेबेरनं तिला वेड्यात काढलं आणि गुडघाभर चिखलात उतरून घराकडे चालायला लागला. तिनं त्याला कसं परत आणलं ते तिचं तिला माहीत.

तेव्हा तिला उमगलं की लपणात बंदूक हवीच, पण त्याची नको. स्वतःची बंदूक दिसली की तो ती मागणार, आणि तसाही तो डावखुरा, त्याच्या बंदुका हिच्या हाताला उलट्या. बंदूक हिची हवी, हिच्या हातात हवी, आणि त्यानं पसंत केलेली हवी, म्हणजे तो शेजारी बसून नुसती साद घालेल. शिवणाचे पैसे तिनं साठवले होते. ते फार नव्हते.

विल्मर तसा सरळ माणूस. त्यानं सगळं फळीवरून काढून दाखवलं. नवी एकनळी सगळ्यात स्वस्त, पण इतकी हलकी की खांद्यावर लाथ मारणार. जुनी दोननळी दिसायला देखणी, पण ती शिशाच्या काळातली; आता बदकांवर शिसं चालत नाही, आणि पोलादी छऱ्यांनी तिची नळी बाद व्हायची. आपोआप भरणारी धक्का कमी देते, पण तिची किंमत ऐकून ओझीटनं विषय बदलला. मग राहिल्या वापरलेल्या पंपाच्या, पुढची मूठ मागंपुढं ओढून काडतूस भरायच्या बंदुका, चार-पाच, एकीसारखी दुसरी नाही.

"यातली कुठली, ते मी नाही सांगणार," विल्मर म्हणाला. "मी विकतो. निवडायचं काम नोंकचं. त्यांना घेऊन या."

ओझीटलाही तेच हवं होतं. गुरुवारी सकाळी क्लेबेरचं डोकं बरं होतं. त्यानं कॉफीला नावं ठेवली, यावरूनच तिनं ओळखलं. शनिवारी हंगाम उघडणार होता. गाडीत बसल्यावर तिनं त्याला कुठे चाललोय ते सांगितलं.

"तुला बंदूक?" तो म्हणाला. "अगं, तू साध्या फटाक्याला उशीखाली डोकं घालतेस."

"तू शिकव की मग."

"शिकवीन. पण रडलीस तर होडीतून उतरवीन."

ती हसली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

दुकानात पाय ठेवल्याबरोबर म्हातारा ताठ झाला. विल्मरकडे बघितलंही नाही, थेट बंदुकांपाशी. एकेक उचलायची, आत काडतूस नाही ना ते दोनदा बघायचं, नळी दाराच्या उजेडाकडे धरायची, पंप मागंपुढं ओढून कान लावायचा. एक तर त्यानं नुसता तिचा आवाज ऐकूनच खाली ठेवली. दुसरीच्या नळीला पोचा होता. विल्मरला तो कधी दिसला नव्हता. बारा बोरच्या दोन्ही त्यानं बाजूला सारल्या आणि म्हणाला, ही बाई ठेंगणी, मान आखूड, हिला बारीक नळीची वीस बोर पुरे, छरे कमी असले तरी बदकं जवळ आणायचं काम माझं. विल्मरनं ओझीटकडे बघून डोळे मिचकावले. शेवटी त्याच्या हातात एक वीस बोर राहिली. रंग उडालेली, दस्त्यावर कुणाच्या तरी दातांचे ठसे, बहुतेक कुत्र्याच्या. किंमत ओझीटच्या आवाक्यात होती.

"आता अंगाला बघायची," क्लेबेर म्हणाला. "कोट घाल. सदऱ्यावर बंदूक बघणारे मूर्ख. थंडीत जाड कोट चढवला की तोच दस्ता काखेत अडकतो."

हा त्याचा जुना नियम होता आणि विल्मरला तो पाठ होता. त्यानं आतून शिकारीचा जाड कोट आणला आणि कानांवर येणारी टोपी आणली. ओझीटनं कोट चढवला, केस टोपीत खुपसले. तेवढा वेळ क्लेबेर पाठमोरा होऊन बंदुकीचा घोडा तपासत होता. तो वळला आणि तिच्या हातात बंदूक दिली.

"डोळे मिटा," तो म्हणाला. "मिटूनच खांद्याला लावा. आता उघडा. नळीच्या टोकाची माशी कुठे दिसते तुम्हाला?"

ओझीटला वाटलं, थट्टा करतोय. लग्नाआधीपासून त्यानं तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं, रागातसुद्धा नाही. तिनं हसून सांगितलं, पट्टीच्या मधोमध. तो हसला नाही. दोन पावलं जवळ येऊन त्यानं एका बोटानं तिचा कोपर किंचित वर केला, हलकेच, परक्या बाईला लावतात तसा हात. "गाल दस्त्याला टेकवा. घाबरू नका, ती चावत नाही. बाईंचा खांदा चांगला आहे, विल्मर."

विल्मरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

तो तिला शिकवत राहिला. किती हळू, किती धीरानं. चुकलं की पुन्हा सांगायचा, आवाज न चढवता. आपल्या नवऱ्याचं हे रूप तिनं कधी पाहिलंच नव्हतं, कारण ती कधी बंदुकीजवळ फिरकलीच नव्हती. एकीकडे तिला ते संपूच नये असं वाटत होतं आणि दुसरीकडे रडू कोसळायच्या बेतात होतं.

"आमची मंडळी कधी आली नाही," तो बोलता बोलता म्हणाला. "तिला आवाज सोसत नाही. मी विचारलंही नाही म्हणा कधी. विचारायला हवं होतं."

ओझीटनं बंदूक खाली घेतली. टोपी काढली, केस सोडले, कोट काढून टाकला. "अरे, बघ ना माझ्याकडे. मीच ओझीट. मी आले बघ."

त्यानं नीट बघितलं. मग तिच्या हातातल्या बंदुकीकडे बघितलं, आणि तिला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाला, "नाही बाई. ओझीट घरी आहे. ती बंदुकीला हात लावायची नाही."

विल्मर मध्ये पडला. म्हणाला, नोंक, बंदूक पसंत आहे ना, मग बांधून देतो. पण क्लेबेरनं ती काढून घेतली आणि छातीशी धरली. पहिली बंदूक देताना तो शेवटी एक प्रश्न विचारायचा, आणि त्याचं उत्तर पटलं नाही तर बंदूक परत फळीवर जायची. विल्मरच्या बापालाही त्यानं एकदा असंच परत पाठवलं होतं.

"लपणात तुमच्या शेजारी कोण बसणार?" त्यानं विचारलं.

"माझा नवरा," ओझीट म्हणाली.

"नाव काय त्यांचं?"

"क्लेबेर द्युगा."

तो विचारात पडला. खरोखर, मनापासून आठवू बघत होता. "नाव ऐकल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. "पण माणूस बघितल्याशिवाय मी हो म्हणत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याचा जीव शेजारच्याच्या हातात असतो. त्यांना घेऊन या एकदा. मी बघतो, मग सांगतो."

"आणते," ओझीट म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

त्यानं बंदूक स्वतःच्या हातानं फळीवर ठेवली. गाडीत बसताना तिनं त्याचा पट्टा लावला तेव्हा तो म्हणाला, "अगं, भूक लागलीय. घरी भात आहे ना?" आणि ती पुन्हा त्याची झाली.

विल्मर म्हणाला होता, बंदूक तशीच घेऊन जा, पैसे राहू देत. पण ओझीटनं रात्रभर उलटसुलट विचार केला आणि तिला त्यातून वाट दिसेना. बंदूक हातात नसली तर तो तिच्याबरोबर लपणात बसणार नाही, आणि हातात असली तर त्याच्या लेखी ती ओझीट नाही. देवाला असं काही सुचतं तरी कसं, कोण जाणे. मला तर तेव्हाही त्याचा राग आला होता आणि आजही येतो.

शुक्रवारी ती त्याला पुन्हा घेऊन आली. नेहमीचा निळा झगा घातला, केस मोकळे सोडले, कोटाला हात लावायचा नाही असं ठरवून. गाडीत तो तिच्याशी सगळा वेळ बोलत होता, जावयाला शिव्या देत होता. त्यांना जावई नव्हता, पण शिव्या अस्सल होत्या. दुकानात विल्मरनं ती वीस बोर तिच्या पुढ्यात ठेवली. ओझीटनं नवऱ्याचा हात एका हातात घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं बंदूक उचलली.

क्लेबेरनं हळूच आपला हात सोडवून घेतला.

"तुम्ही आलात होय," तो म्हणाला आणि तिच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघायला लागला. "आणि ते कुठे आहेत?"

विल्मर गल्ल्यामागे जाऊन काहीतरी शोधायला लागला, तिथं शोधण्यासारखं काही नव्हतं. बाहेर गाड्यांना होड्या जोडल्या जात होत्या, माणसं काडतुसं नि बर्फ घ्यायला येत-जात होती, आणि दार उघडलं की क्लेबेर येणाऱ्याला न्याहाळायचा आणि मान हलवायचा. वेल्टनही आला. काकीचा चेहरा बघून तो काही न घेता परत गेला.

बऱ्याच वेळानं ओझीट भिंतीजवळच्या खुर्चीत बसली, बंदूक मांडीवर आडवी घेऊन.

"आले नाहीत अजून," क्लेबेर म्हणाला.

"येईल," ती म्हणाली.

"अशी वाट बघायला लावणारा माणूस मला पसंत पडत नाही, खरं सांगतो." मग त्याला तिची दया आली असावी. त्यानं दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्या खुर्चीला लावून ठेवली. "पण तुम्ही एकट्या नका बसू. ते येईपर्यंत मी बसतो तुमच्या शेजारी."

आणि तो बसला, दाराकडे डोळे लावून.