सासरे, दोन हत्ती आणि चहाचे पाच पत्ते

माझ्या सासऱ्यांनी मला बुद्धिबळात किती वेळा हरवलं हे मी मोजत नाही, कारण माझा स्वभाव तापट आहे आणि घरात काचेचे ग्लास बरेच आहेत. लग्न होऊन भिवंडीजवळच्या शेलार गावात आले त्या वर्षापासून दर रविवारी जेवणं झाली की आम्ही पट मांडायचो. गॅसवरच्या चहाला उकळी फुटायच्या आत माझा राजा आडवा पडलेला असायचा.

सासरे आयुष्यभर भिवंडीत कापडाच्या लूमवर कामाला होते. लूम बंद झाला तसे घरी बसले. सासूबाई आधीच गेलेल्या, नवरा दिवसभर टेम्पो घेऊन बाहेर, मी जवळच्या वडप्याच्या गोदामात कामाला. त्यांना विरंगुळा म्हणजे रविवार आणि मी. अशाच एका रविवारी त्यांनी माझा वजीर उचलला, बोटांत फिरवला आणि म्हणाले, "बाय, तुझ्याशी खेळाया आता मजा न्हाय. मी पडघ्याला जातो. व्याही बरा खेळतो."

व्याही म्हणजे माझ्या नणंदेचे सासरे. त्याच संध्याकाळी माळ्यावरची निळी रेक्झिनची बॅग खाली आली, तिच्यात दोन शर्ट आणि एक लुंगी गेली आणि ती दाराशी ठाण मांडून बसली. पुढचे कितीतरी आठवडे येताजाता माझा पाय तिला लागायचा आणि मी तिला शिव्या घालायचे. त्यांनी जाऊ नये असं मला वाटायचं. गोदामातून आल्यावर "आलीस का गं?" असं त्या घरात तेच एकटे विचारायचे. पण हे तोंडावर बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि बुद्धिबळ सुधारायचं म्हटलं तर तेवढं डोकं माझ्याकडे नाही. मग मी ठरवलं, आपण सुधारायचं नाही, बुद्धिबळच बिघडवायचं.

गोदामात मी परत आलेल्या मालाच्या टेबलावर असते. ग्राहकाने परत पाठवलेला खोका उघडायचा, आतलं सगळं तपासायचं, शिक्का मारायचा. त्यात एकदा पत्त्यांचा एक खेळ आला. नियमांचा कागद मी डबा खाता खाता वाचला. प्रत्येकाने थोड्याशा फालतू पत्त्यांनी सुरुवात करायची आणि खेळता खेळता चांगले पत्ते मिळवत आपला गठ्ठा भारी करत न्यायचा. मला ते फार आवडलं. फालतू पत्त्यांनी सुरुवात करायचा मला चांगलाच अनुभव होता. कागदाची एक बाजू वाचून झाली आणि सुट्टी संपली.

घरी येऊन साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले आणि मार्करने पत्ते केले. सुरुवातीला दोघांनाही पाच-पाच पत्ते, सगळ्यांवर "चहा". चहा म्हणजे खास काही नाही, आपली नेहमीची चाल करा. समोरच्याचं मोहरं मारलं की ते देऊन मधल्या ढिगातला नवा पत्ता आपल्या गठ्ठ्याच्या तळाशी घालायचा. "गेट पास" आला की आपलं कुठलंही मोहरं घोड्यासारखं उडी मारणार. "लाईट गेली" म्हणजे समोरच्याचा वजीर पुढच्या एका चालीला जागचा हलणार नाही. "नाक्यावर जाम" म्हणजे समोरच्याचे दोन्ही हत्ती एका चालीपुरते अडकले. चाल करायच्या आधी वरचा पत्ता उघडायचा आणि वापरून झाला की गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचा.

सासऱ्यांनी पत्ते हातात घेतले, उलटसुलट करून बघितले. "हे बुद्धिबळ न्हाय, हा तमाशा हाय," म्हणाले आणि खेळायला बसले.

पहिला रविवार धमाल गेला. त्यांचा हत्ती नाक्यावर अडकला तेव्हा मी तोंडाने हॉर्न वाजवून दाखवला. हरले, पण चांगली तासभर टिकून हरले. बॅगेतली लुंगी बाहेर आली. शर्ट आतच राहिले.

मग काहीतरी गडबड सुरू झाली. मी पत्त्याला हात लावायच्या आत ते म्हणायचे, "आता तुझा गेट पास." उघडावा तर गेट पास! "आता दोन चहा, मग लाईट जाईल." दोन चहा आणि लाईट! मी चिडले. गठ्ठा पदराखाली झाकला. भिंतीवरचा आरसा उलटा केला. त्यांचा चष्मा काढून ठेवायला लावला, तर बिनचष्म्याचे हत्तीला उंट म्हणत खेळले आणि तरी मला हरवलं. नवऱ्याला विचारलं, बाबांना काही सिद्धी वगैरे आहे का? तो म्हणाला, "असती तर लूम बंद पडताना दिसली नसती का?"

लुंगी परत बॅगेत गेली. "मजा न्हाय, बाय. पुढच्या सोमवारी जातो," सासरे म्हणाले. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले.

त्याच आठवड्यात गोदामात तोच खेळ पुन्हा परत आला. या वेळी मी कागद उलटून वाचला. तिथे लिहिलं होतं की वापरलेले पत्ते बाजूला जमवायचे, हातातले संपले की ते सगळे नीट पिसायचे आणि मगच पुन्हा वापरायचे. मी टेबलावर डोकं ठेवून इतकी हसले की सुपरवायझर बघायला आले.

पिसणं मला सुचलंच नव्हतं. कसं सुचणार? गोदामात आमचा पहिला नियम, जो माल आधी आला तो आधी बाहेर. रांग कोणी मिसळली तर ड्युटीच जाते. त्या सवयीने मी प्रत्येक पत्ता इमानदारीत तळाशी सरकवत होते.

रविवारी, तो शेवटचा रविवार होता, मी खेळ मांडला आणि नेहमीसारखी हरत गेले. गठ्ठ्याची एक फेरी पूर्ण झाली, तेव्हा मी सगळे पत्ते उचलले आणि खसाखसा पिसले. सासऱ्यांचे डोळे मोठे झाले.

"अगं, काय करतेस? माळ तोडलीस!"

मग उलगडा झाला. ते नक्षीच्या लूमवर होते. तिथे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरत असते. एका पुठ्ठ्यामागून ठरलेलाच दुसरा येतो, माळ संपली की पुन्हा पहिला, आणि त्या क्रमाने कापडावर फुलं उमटतात. इतकी वर्षं ज्याने पुठ्ठ्यांचा क्रम पाठ केला, त्याला माझे बारा-पंधरा पत्ते काय जड होते!

"नियम हाय का हा?" त्यांनी विचारलं.

"कागदाच्या मागच्या बाजूला आहे."

"मना सांगितलं न्हाय."

"मीच कालपरवा वाचलं."

ते फुरफुरले, पण खेळत राहिले. सवय कुठे जाते? त्यांच्या हिशेबाने आता मला चहाच येणार होता. त्या भरवशावर त्यांनी राजाला एका हत्तीच्या राखणीवर सोडलं आणि माझं प्यादं मारायला वजीर लांब पाठवला. मी पत्ता उघडला. नाक्यावर जाम. हत्ती जागच्या जागी. मी वजीर शेवटच्या रांगेत नेऊन ठेवला आणि म्हणाले, "शह." मग नीट बघितलं. राजाला सरकायला जागा नव्हती, मध्ये घालायला दुसरं मोहरं नव्हतं. "बाबा, मात झाली वाटतं."

हॉर्न वाजवायचं मला सुचलंच नाही.

त्यांनी आपला राजा पटावर आडवा केला. मग उठले आणि दाराशी जाऊन त्यांनी बॅग उचलली. मला वाटलं, संपलं. जिंकायची हौस भागवली आणि माणूस घालवून बसले. रागाने, दुःखाने, कशाने कोण जाणे, मी कपबश्या घेऊन आत गेले आणि नळ मोठा सोडून त्या घासत बसले.

नळ बंद केला तेव्हा बाहेरून त्यांचा आवाज आला. फोनवर व्याह्यांशी बोलत होते, आणि फोनवर ते नेहमीच पडघ्याला थेट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलतात.

"न्हाय, मी न्हाय येत," ते सांगत होते. "तुम्हीच या रविवारी. इथं एक माणूस भेटलाय खेळायला."

बाहेर येऊन बघितलं तर बॅग रिकामी होती, लुंगी दोरीवर होती, आणि सासरे पटाशी मांडी घालून पत्ते पिसायला शिकत होते. अर्धे पत्ते जमिनीवर सांडले होते.