भरलेला पेला

सोलापुरात चैत्रापासूनच डांबर मऊ पडायला लागतं. त्या उन्हात आमच्या विडी कामगारांच्या वसाहतीत ती दारोदार फिरायची. सगळे तिला आशाताई म्हणत. ते सरकारी आरोग्य योजनेचं नाव. तिचं स्वतःचं मी कधी विचारलं नाही. सरकारच्या लेखी ती नोकर नव्हे, स्वयंसेविका.

चप्पल पायरीखाली काढायची, तोंडावरचा स्कार्फ हनुवटीखाली ओढायची आणि दमलेल्या आवाजात तेच सांगायची, "पाणी पीत ऱ्हावा. तहान लागायची वाट बघू नका. घरात म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली तर मला फोन करा." मी माठातलं पाणी आणून द्यायचे. ती पेला आधी एका गालाला लावायची, मग दुसऱ्या गालाला, आणि भरलेलाच परत द्यायची. मला वाटायचं, हिचे निर्जळी उपास फार.

एके दिवशी दाराची चौकट धरून ती मटकन खाली बसली. मी पाण्याचा पेला हातात देत म्हटलं, "अहो, सगळ्यांना पाणी प्यायला सांगता, आणि स्वतः?"

"पिलं की जावं लागतं, मावशी. कुटं जाऊ? गल्लीतला संडास कायम कुलपात. आन् लोकांच्या दारात कसं मागायचं?"

"आमच्याकडं आहे की."

ती घटकाभर आतल्या दाराकडं बघत राहिली. मनात गल्ल्यांचा क्रम लावत असावी.

"मग उद्यापासनं तुमचं घर फेरीच्या मधी घेते," ती म्हणाली. पेला एका दमात रिकामा केला, आणि पुन्हा पुढं धरला.