कीबोर्डबाईंचा नियम

तुम्ही शेवटचा वाद घातलात तेव्हा आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवलं होतं का? नसेल, तर झरीच्या आमच्या कीबोर्डबाईंनी तुम्हाला पुढे बोलूच दिलं नसतं. मग विषय देशाचा असो, नाहीतर टीव्हीवर खेळायच्या जुन्या गेमचा.

बाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोन यंत्रं मांडली. एक त्यांच्या यजमानांनी हैदराबादहून आणलेला जुना घरगुती कॉम्प्युटर. कीबोर्डच्या पोटातच त्याचं सगळं यंत्र. तो टीव्हीला जोडायचा आणि गाण्याच्या टेपरेकॉर्डरवरून त्यात गेम भरायचा. दुसरा त्यांचे धाकटे दीर, खत-बियाण्यांचे दुकानदार दत्ताभाऊजी, यांचा व्हिडिओ गेम. पिवळी कॅसेट खुपसली, दोघांनी दोन रिमोट धरले की खेळ सुरू. रविवारी सकाळी त्या खोलीत एकच वाद चाले : दोन्हींत सरस कोणतं?

टेप किरकिरायला लागली की बाई हाताची घडी घालून बसत आणि कुणी खोकलं तरी डोळे वटारत. गेम भरत आला की नेमकी लाइट जायची. "वहिनी," भाऊजी म्हणत, "तुमचा गेम सुरू होईस्तोवर माझी म्हशीची धार काढून होती."

"भाऊजी, आधी माझी बाजू बोला. म्हशीचं मागून."

हाच बाईंचा नियम. समोरच्याची बाजू अशी मांडायची की त्यानं स्वतः म्हटलं पाहिजे, "हां, हेच." मगच आपली पाळी. बाई भाऊजींची बाजू लीलया मांडत : व्हिडिओ गेमला इंग्रजी लागत नाही, वाट बघावी लागत नाही, आणि दोन माणसं मांडीला मांडी लावून खेळतात, त्यात मालक आणि गडी सारखेच. भाऊजी खूश होऊन मान डोलावत. पण भाऊजींनी बाईंची बाजू मांडली की बाईंचा शेरा ठरलेला, "चालंल. बोला तुमचं." 'हां, हेच' भाऊजींना कधी मिळालं नाही.

बाईंची बाजू त्यांच्या एका गेममध्ये होती. जिंतूरहून परभणीला निघालेली एसटी, समोर खड्डे आणि म्हशी. तो प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता. टेप खराब झाली तर तो सगळा पाठ असल्यासारखा पुन्हा टाइप करत. "तुमच्या कॅसेटातली गाडी जपानच्या रस्त्यावर पळायली भाऊजी," त्या म्हणत. "गुळगुळीत रस्ता. माझी जिंतूर रोडनं चाललीय. आणि रस्ता नको वाटला तर मी रस्ताच बदलते. तुमच्या कॅसेटला विचारा, बदलून देती का."

मी नववीत असताना त्या खोलीत शिरले. आमच्या घरात फळीवरच्या डब्यांखालीही पत्रकंच अंथरलेली असत. वडील शेतमजुरांच्या चळवळीत होते. घोषणा मला पाढ्यांच्या आधी आल्या. त्यामुळे दुसरी बाजू म्हणजे शत्रूची बाजू, एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्याच रविवारी मी बाईंच्या बाजूनं उभी राहिले आणि व्हिडिओ गेमला धनदांडग्यांचं खेळणं म्हणाले. बाईंनी मला खाली बसवलं. "भाऊजींनी ते परभणीच्या बाजारात जुनं घेतलंय. आधी त्यांच्याशी खेळ, त्यांचं ऐक. मग माझ्या बाजूनं भांड."

दोन वर्षांनी वाचनालयाच्या समितीनं ठरवलं की मागच्या खोलीत स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींसाठी अभ्यासिका करायची. आमची खोली जाणार होती. मी पेटले. रात्रीतून पत्रक लिहिलं, "खेळ वाचवा, वाद वाचवा" म्हणून. बाईंनी ते चष्मा सावरत वाचलं.

"झकास लिहिलंस. यात समितीचं म्हणणं कुठंय?"

"त्यांचं म्हणणं त्यांनी मांडावं की, बाई."

"त्यांना मांडता येत न्हाई म्हणून तर मी चाललेय."

बैठकीत समितीचे अध्यक्ष अण्णा उठले, अडखळले आणि "काळाची गरज" एवढं म्हणून बसले. मग बाई उठल्या. आधी समितीची बाजू. त्यांनी सांगितलं की गावात कितीतरी घरांत सगळ्या कुटुंबाला एकच खोली आहे. टीव्ही चालू, चूल चालू, त्यात पोरगी पुस्तक घेऊन बसते. मुलगे निदान देवळाच्या कट्ट्यावर जाऊन वाचतात, पोरींनी कुठं जायचं? अण्णा हळूच म्हणाले, "हां बाई, हेच म्हणायचं होतं."

मग बाईंनी आमची बाजू मांडली. तीही चांगली मांडली. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा समितीच्या बाजूनं जे हात वर गेले, त्यात एक हात बाईंचा होता.

टीव्ही उचलून त्यांच्या घराकडे जाताना मी चिडून म्हणाले, "बाई, तुमीच हरवलंत आपल्याला."

"बोलता बोलता मलाच पटलं गं. पटलेलं लपवू का?" त्या म्हणाल्या. "ती वायर ओढायलीस बघ, पायात येईल."

यंत्रं बाईंच्या ओसरीवर आली. रविवार चुकला नाही. अभ्यासिकेतल्या पोरी मधल्या सुट्टीत येऊन एसटी हाकू लागल्या. एक दिवस खुद्द अण्णा आले. लहानपणी मामाच्या घरी व्हिडिओ गेम खेळलेला माणूस, त्याची बाजू घेऊन भांडायला बसला. बाईंनी त्यांना आधी कॉम्प्युटरची बाजू मांडायला लावली आणि दोन वाक्यांत थांबवलं. "कच्चं हाय, अण्णा. पुढच्या रविवारी या." अण्णा निमूट पुढच्या रविवारी आले.

आज मी परभणीत पत्रकंच लिहिते. प्रत्येक पत्रकाच्या सुरुवातीला समोरच्याचं म्हणणं असतं. सोबती वैतागतात, विचारतात की तू नक्की कुणाच्या बाजूची? मी छाती पुढे काढून सांगते, मी कीबोर्डबाईंची विद्यार्थिनी.

यंदा बाईंच्या डोळ्यांनी दगा दिला. लेक त्यांना नाशिकला घेऊन गेली. भाऊजी पिशवी घेऊन स्टँडवर आले होते. गाडी लागली तेव्हा ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, दुसऱ्यानं बनवलेली गाडी कितीबी पळू द्या, तिचा रस्ता दुसऱ्याचाच असतोय. आपली रांगली तरी ती कुठं न्यायची ते आपण ठरवतो."

आत बसलेल्या बाई खिडकीशी वाकल्या. मग म्हणाल्या, "हां, हेच. आता तुमचं बोला भाऊजी."

"माझं काय," भाऊजी पिशवी खिडकीतून आत देत म्हणाले, "तुमी परत या, मग बोलतो."

दोन्ही यंत्रं आजही ओसरीवर एकाच टेबलावर आहेत. रविवारी आम्ही बसतो. पण झरीच्या एका ओसरीनं भागणार नाही. म्हणून एक करा. तुमच्या माळ्यावर असा एखादा व्हिडिओ गेम, एखादा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. खाली काढा, पुसा, टीव्हीला जोडा. आणि येत्या रविवारी ज्याच्याशी तुमचं मुळीच पटत नाही, अशा एका माणसाला घरी बोलवा. खेळा. मग तुमच्या तोंडून त्याची बाजू त्याला ऐकवा, आणि तो "हां, हेच" म्हणेपर्यंत आपली बाजू मांडू नका.