गोळ्यांचा डबा आणा

माझ्या साडूंइतका संशयी माणूस पुण्यात, म्हणजे अर्थात जगातच, दुसरा झाला नसेल. ते एका मोठ्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट होते आणि औषधाच्या बाबतीत त्यांचा डॉक्टरांवर, रोग्यावर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर अविश्वास होता. स्वतः काढलेली बाटली ते तीनदा वाचत आणि मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाचायला देत. चिठ्ठीत शंका आली की थेट डॉक्टरांना फोन. "हा ठिपका दशांशाचा आहे की माशीचा?" एकदा आमचे सासरेच तिथं ॲडमिट होते. साडू गोळ्या घेऊन गेले आणि म्हणाले, "आपलं पूर्ण नाव?" सासरे भडकले. "अहो, मुलगी दिलीय मी तुम्हाला." साडू थंडपणे म्हणाले, "त्याबद्दल आभारी आहे. पूर्ण नाव सांगा." सासऱ्यांनी सांगितलं, पण पुढची दिवाळी होईपर्यंत ते जावयाशी बोलले नाहीत.

नारायण पेठेतून कोथरूडला आमच्याकडे आले, की चपला काढायच्या आधी त्यांचं सुरू व्हायचं, "गोळ्यांचा डबा आणा." आमचा डबा श्रीखंडाचा. त्यात मुदत संपलेली मलमं, अर्धी कापलेली पाकिटं, कुणाच्या तरी खोकल्याचं उरलेलं औषध. त्यातलं निम्मं कचऱ्यात गेल्याशिवाय गृहस्थ पोह्यांना हात लावत नसत. ते येणार कळलं की बायको म्हणायची, "आधी डबा लपवा, मग पोहे टाकते." मला त्यांचा वैतागच यायचा, खोटं कशाला बोलू.

वडील गेले आणि दोन महिन्यांनी आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. साडूंच्याच हॉस्पिटलात नेलं. नाडी इतकी मंद होती की पेसमेकर बसवायचं ठरलं, तेही दुसऱ्याच दिवशी. साडू वॉर्डात आले. "काकू, औषधं कुठली घेता?"

"बीपीची एक गोळी. सकाळी."

मी यादी पुढे केली. त्यांनी बघितलीसुद्धा नाही. "डबा आणा."

"अहो, इथे आईचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला डबा सुचतोय?"

"म्हणूनच सुचतोय. रिक्षा करा."

चरफडत जाऊन आईचा डबा आणला. त्यात वडिलांच्या गोळ्या होत्या. ते जायच्या आठवडाभर आधीच मी तीन महिन्यांच्या आणल्या होत्या. आता थोड्याच उरल्या होत्या. साडूंनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "वाया का घालवायच्या? बीपीच्याच तर आहेत." वरची नावं वेगळी, पण दोघांच्या गोळीतलं औषध एकच, नाडी मंद करणारं. आई रोज सकाळी दुप्पट घेत होती. साडू तसेच डॉक्टरांकडे गेले. ऑपरेशन थांबलं, गोळ्या बंद झाल्या आणि तीन-चार दिवसांत नाडी ताळ्यावर आली.

घरी सोडायच्या दिवशी साडू खाटेशी बसले. "काकू, खरंच वाया जातील म्हणून?"

आई बराच वेळ पांघरुणाची घडी करत राहिली. मग म्हणाली, "वीस वर्षं आठच्या ठोक्याला ह्यांच्या हातावर गोळी ठेवली. ते गेले तरी आठला माझा हात डब्यात जायचा. काढलेली गोळी परत आत टाकवेना हो."

मला वाटलं, आता व्याख्यान. पण वडिलांची पाकिटं त्यांनी खिशात घातली आणि एवढंच म्हणाले, "उद्यापासून आठला मी फोन करीन." आणि केला, रोज, कित्येक वर्षं. "काकू, कुठली घेताय? नाव वाचा." आई म्हणायची, "वाचते, आधी आपलं पूर्ण नाव सांगा." साडू सांगायचे. न हसता, स्वतःच्या वडिलांच्या नावासकट.

परवा साडू गेले. आम्ही नारायण पेठेत गेलो तेव्हा मेहुणी भिंतीला टेकून बसली होती. आई तिच्याजवळ बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "त्यांच्या गोळ्यांचा डबा आण."

"राहू दे ना, काकू. माझ्या गोळ्या वेगळ्या आहेत."

"नाही राहू द्यायचा." आईने डबा स्वतःच्या पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी आठला तिने मला मेहुणीला फोन लावून द्यायला सांगितलं. "कुठली घेतेयस? नाव वाच," ती म्हणाली. पलीकडून पाकीट चुरचुरल्याचा आवाज आला. आई फोन कानाशी धरून तशीच थांबली.