कंसातला आवाज

नगरच्या एका कॉलेजात मी संशोधन पद्धती शिकवतो. मुलाखतीचा धडा आला की अजूनही मी तो घाईघाईनं उरकतो. मुलांना वाटतं, सरांना विषय आवडत नाही. वाटू दे. खरं कारण एका बाईचा आवाज आहे. तो भर दुपारी, मी फळ्यावर लिहीत असताना, पाठीमागून येतो आणि मी वळून बघतो.

पीएचडीला माझा विषय होता, खेड्यातला माणूस परदेशात धंदा कसा उभा करतो. आंतरराष्ट्रीय उद्योजकता, असं त्याचं भारदस्त नाव. त्यात पुष्कळ जण छापील प्रश्नावल्या वाटतात आणि परत आलेल्या खुणा मोजत बसतात. मला त्याचा तिटकारा. मी ठरवलं, मोजकीच माणसं घ्यायची, त्यांच्या ओसरीवर तासन्‌तास बसायचं, सगळं रेकॉर्ड करायचं आणि शब्द न शब्द कागदावर उतरवायचा. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकी आपण नाही, याचा मला गर्व होता.

काष्टीच्या पुढं एका वस्तीवर दुबईला लिंबं पाठवणारा शेतकरी सापडला. पस्तिशीचा, हसतमुख, बोलायला मोकळा. ओसरीवर बाजेवर त्याचे वडील बसलेले असायचे; सून त्यांना मामा म्हणायची. सासरे समोर असले की सून बाहेर येऊन बसत नाही, ही रीत मला ठाऊक होती. त्याची बायको आतल्या दाराआड लिंबं निवडत असायची. मी प्रश्न विचारला की तो जरा थांबायचा, आतून हळू आवाज यायचा, मग तो उत्तर द्यायचा.

"माल तिकडं जाईपर्यंत सडू नये म्हणून काय करता?"

आतून आवाज आला, "देठ."

"देठ ठिवून तोडतो, सर. देठ निघालं की लिंबू टिकत न्हाई."

"पहिल्या खेपेला व्यापाऱ्यानं माल नाकारला, तेव्हा?"

आतून, "फोटू."

"मंग आमी पेट्या भरतानाच फोटू पाठवाया लागलो."

चार भेटी झाल्या आणि चारही वेळा हेच. मला गंमत वाटायची. बायको नवऱ्याला आठवण करून देते, एवढंच. उतरवून काढताना मी माझ्या मार्गदर्शकांचा नियम पाळला. ज्याची मुलाखत, त्याचं बोलणं लिहायचं. भांडी, कोंबड्या, पंखा, मध्ये जे काही येईल ते कंसात 'पार्श्वभूमीचा आवाज' म्हणून टाकायचं. तिचा आवाज मी कोंबड्यांबरोबर कंसात टाकला. प्रबंधात ठामपणे लिहिलं, 'सर्व व्यावसायिक निर्णय उद्योजक एकटा घेतो. कुटुंबाचा सहभाग निवड आणि पॅकिंगपुरता.'

पदवी मिळाली. संमतिपत्रात कबूल केलं होतं म्हणून सगळी रेकॉर्डिंग पुसून टाकली. प्रबंधाची एक बांधीव प्रत पेढ्यांसोबत त्याच्या घरी देऊन आलो. तो कितीतरी वेळ पानं उलटत बसला होता.

दोन वर्षांनी तो अचानक गेला. ते मला त्याच्या बायकोच्या फोनवरून कळलं. तिनं ओळख द्यायच्या आधीच मी आवाज ओळखला.

"सर, दीर म्हनत्यात, धंदा आता त्येच बघनार. मला त्यातलं काय कळत न्हाई म्हनं. दुबईच्या मानसाशी मीच बोलायची, माल कधी तोडायचा ते मीच ठरवायची. मामा बी आता न्हाईत, तुमीच समदं ऐकलंय. रविवारी भावकी बसनार हाय. तेवढं येऊन सांगा."

येतो म्हणालो आणि जुने कागद काढले. आधी कंस, मग उत्तर. पानंच्या पानं तशीच. ज्या उद्योजकाच्या शोधात मी तालुके पालथे घातले, ती दाराआड बसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मला लाज वाटली आणि रविवारची भीतीही वाटली.

रविवारी ओसरीवर सात-आठ माणसं होती. मी जे ऐकलं होतं ते सांगितलं. दीर शांतपणे ऐकत होता. मग उठून त्यानं भिंतीतल्या कपाटातून माझाच प्रबंध आणला, खूण घातलेलं पान उघडलं आणि 'सर्व व्यावसायिक निर्णय उद्योजक एकटा घेतो' हे वाक्य सावकाश वाचून दाखवलं.

"हे तुमीच लिवलंय ना, सर?"

"हो. पण ते चुकलं माझं."

"मंग तवा खोटं लिवलं, का आज खोटं बोलताय?"

तो उद्धटपणे बोलला नाही. कुणीतरी विचारलं, रेकॉर्डिंग हाय का. नाही म्हणालो. एक म्हातारे म्हणाले, "छापील ते छापील." धंदा दिराकडं गेला. तिनं पहिल्यासारखी निवड बघावी, असं ठरलं.

मी खाली मान घालून चपला शोधत होतो. ती अंगणात आली. तिचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. रडलेला नव्हता.

"वहिनी, माझ्यामुळं झालं हे. माफ करा."

"चार येळा आला तुमी," ती म्हणाली. "एकदा जरी आत हाक मारली असती, तरी मी भायेर आले असते. मामा नको म्हनले नसते."