विमानाचं इथर

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच कबूल करते. शाळेत मुलींच्या वह्या तपासून तपासून तो आणखीच पक्का झाला.

धाकट्या भावानं दारू सोडली त्याला सात महिने झाले होते. भावजय पापनाशमला माहेरी जाऊन बसली होती. थेंबाला शिवत नाही अशी खात्री पटली तरच परत येईन, असं तिनं बजावलं होतं. म्हणून मी तंजावरात त्याच्या घरी राहायला गेले. पहारा करायला, असंच म्हणा ना.

बाहेरच्या वस्तू देशात तेव्हा नुकत्याच सहज यायला लागल्या होत्या. सिंगापूरच्या आतेभावानं त्याला विमानाच्या मॉडेलचं इंजिन पाठवलं, लिंबाएवढं. विमान त्यानं घरीच हलक्या लाकडाचं जोडलं. त्याला म्हणे पेट्रोल चालत नाही. रॉकेल, एरंडेल आणि इथर, तिन्ही सारख्या मापानं. रॉकेल घरात होतं. एरंडेलासाठी हा बस धरून तिरुवैयारूच्या घाण्यावर गेला, कारण कोपऱ्यावरच्या दुकानातलं भेसळीचं असतं म्हणे. एरंडेलासाठी एवढी वणवण करणारा पुरुष मी तरी पाहिला नव्हता. तो आला की काही ना काही निमित्त काढून मी जवळ जायची आणि त्याचं तोंड हुंगायची. तेलाचाच वास यायचा, तरी माझं समाधान होईना.

इथर काही मिळेना. औषधाच्या दुकानदारानं 'कोणाला बेशुद्ध करायचंय?' म्हणून त्याला वाटेला लावलं. शेवटी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या माणसानं एक तपकिरी बाटली दिली, कागदात गुंडाळून. झालं! ती त्यानं न्हाणीघरात हंड्यामागे ठेवली. गारव्यात नाही ठेवलं तर उडून जातं, म्हणाला. पूर्वी दारूच्या बाटल्याही तिथंच असायच्या. बूच काढून हुंगलं तर गोडसर, डोकं गरगरवणारा वास. दोन दिवसांनी बाटली उजेडात धरली तर बोटभर उतरलेली. म्हटलं, हे इंजिन पितंय की हा?

शनिवारी तो ऑफिसला गेल्यावर मी बाटली मोरीत रिकामी केली, वासापुरतं दोन बोटं इथर तेवढं तळाशी ठेवलं आणि वर पाणी भरलं.

रविवारी त्यानं भावजयीला आणि तिच्या वडिलांना कावेरीच्या कोरड्या वाळूत बोलावलं होतं. आपण हल्ली कशात रमतो, ते त्याला दाखवायचं होतं. विमान उडालं की ती आमच्याबरोबर घरी येईल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. सकाळी उठून त्यानं तिची खोली झाडली, चादर बदलली.

वाळूत बसून त्यानं बाटली काचेच्या मापात ओतली आणि मापाकडे बघत राहिला. मग त्यात तेल, रॉकेल घातलं, इंजिनात भरलं आणि बोटानं पंखा फिरवायला लागला. चाळीसदा, पन्नासदा. बोट फुटून रक्त आलं, पण इंजिन साधं खोकलंसुद्धा नाही. सासरे मुलीला म्हणाले, "हात बघ कसे थरथरतायत त्याचे." पुढच्या बसनं दोघं पापनाशमला निघून गेली.

घरी आल्यावर मी म्हटलं, "त्या घाण्यावाल्यानंच फसवलं असेल तुला."

तो नळाखाली बोट धरून उभा होता. "तेल चांगलं होतं, अक्का. इथर पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. ओतल्याबरोबर मापात दिसलं मला. तीही माझ्या दारूच्या बाटल्यांत असंच पाणी घालायची."

"मग तिथंच का नाही बोललास?"

"तिच्यासमोर? माझ्याबरोबर एका घरात राहणाऱ्या बहिणीलाही मी पितोच असं वाटतं, हे सांगू तिला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा कळवली आणि त्याला न सांगता पापनाशमची पहिली बस धरली.